विहीर, खळं आणि रोम : बायबलकाळातल्या प्रेमकादंबऱ्यांची पार्श्वभूमी

याकोबाने राहेलसाठी तिच्या बापाकडे सात वर्षं मेंढरं राखली, आणि तिच्यावर जीव जडल्यामुळे ती वर्षं त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या 29व्या अध्यायात या प्रेमाला मिळाली आहे ती एवढी एक ओळ. राहेलला काय वाटलं, याबद्दल चकार शब्द नाही. लग्नाच्या रात्री सासऱ्याने तिच्याऐवजी थोरली लेआ पाठवली, ते याकोबाला उजाडल्यावर कळलं. त्या रात्री राहेल कुठे होती? बायबलकाळात घडणाऱ्या ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांनी आपला संसार अशाच मोकळ्या जागांत थाटला आहे.

हा उद्योग आजचा नाही. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, याकोबाचा मुलगा योसेफ याचं लग्न आसनथ नावाच्या मुलीशी झालं, ती सूर्यनगरीतल्या पुजाऱ्याची लेक, यापलीकडे बायबल तिच्याविषयी फारसं काही सांगत नाही. पण देवभिरू योसेफाने मूर्तिपूजकाची मुलगी केलीच कशी? या अडचणीतून ग्रीक भाषेत एक अख्खी कथा जन्मली. बहुतेक अभ्यासक ती साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची मानतात. त्यात आसनथ गर्विष्ठ, माडीवर राहणारी, पुरुषांना तुच्छ लेखणारी. खिडकीतून योसेफ दिसतो आणि सगळा ताठा उतरतो. तो मात्र तिला जवळ येऊ देत नाही. मुक्या मूर्तींचं नाव घेणाऱ्या ओठांचं चुंबन घेणार नाही म्हणतो. मग ती देव्हारा खिडकीबाहेर भिरकावते, ताटातलं राजसी जेवण कुत्र्यांना टाकते आणि सात दिवस राखेत बसून उपास करते. या प्रकारातल्या कादंबऱ्यांचं कथासूत्र इथेच पक्कं झालं, असं मला वाटतं. प्रेमाच्या आड इथे आईबाप किंवा हुंडा येत नाही, श्रद्धा येते.

एकोणिसाव्या शतकात हेच सूत्र रोमन काळात गेलं. ल्यू वॉलेस यांची ‘बेन-हर’ 1880 साली आली. लेखक अमेरिकी यादवी युद्धातले सेनापती; नास्तिक वक्ते इंगरसोल यांच्याशी 1876 साली रेल्वेत गप्पा झाल्या आणि आपल्याला धर्मातलं काहीच कळत नाही, याची त्यांना लाज वाटली. 1899 साली कादंबरी रंगमंचावर आली तेव्हा ख्रिस्ताची भूमिका नटाला दिली नाही, तिथे फक्त प्रकाशाचा झोत सोडला. प्रेमाला खरा मान मिळाला तो पोलिश लेखक सिएन्कीविच यांच्या ‘क्वो वादिस’मध्ये. सम्राट नीरोच्या रोममधला अधिकारी विनिशियस ख्रिस्ती लिजियाच्या मागे लागतो आणि शेवटी तिच्या देवापाशी पोचतो. आसनथची गोष्टच, फक्त बाई-पुरुष उलटे.

मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी, 1857 सालची ‘यमुनापर्यटन’, बाबा पदमनजींची, म्हणजे धर्मांतर केलेल्या ख्रिस्ती लेखकाचीच. पण कथेसाठी ते यरुशलेमेला गेले नाहीत. समोर दिसणाऱ्या हिंदू विधवांचे हाल त्यांना जास्त निकडीचे वाटले.

अमेरिकेत ख्रिस्ती प्रकाशकांना प्रेमकथेची बाजारपेठ खऱ्या अर्थाने उमगली ती 1979नंतर. फ्रान्सिन रिव्हर्स यांची ‘अ व्हॉइस इन द विंड’ 1993ची. इ.स. 70मध्ये यरुशलेम पडल्यावर गुलाम झालेली हदस्सा रोममधल्या श्रीमंत घरात येते, मालकाचा मुलगा तिच्यावर भाळतो आणि ती त्याच्या अश्रद्धेपायी नकार देते. पुन्हा तेच.

या कादंबऱ्यांत मला एक गोष्ट खटकते. नायिका स्वतः वर निवडते, मनातलं बोलून दाखवते. त्या काळी सोयरीक घरचे जमवत आणि वधूमूल्य ठरत असे. मागणी झाली की ती लग्नाइतकीच बांधील. म्हणून तर येशूची आई मरीया गरोदर आहे हे कळल्यावर, लग्न लागून ती घरी यायच्या आतच, तिच्याशी मागणी झालेल्या योसेफाला (हा मिसरातला योसेफ नव्हे) तिला गुपचूप सोडण्याचा विचार करावा लागला.

अपवाद बायबलमधल्याच रूथचा. मवाबातली परकी विधवा, पोटासाठी बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी. सासू नामी तिला न्हाऊन, तेल लावून रात्री खळ्यावर जायला सांगते. मध्यरात्री बवाज दचकून उठतो, तर पायाशी बाई! ती म्हणते, आपलं पांघरूण माझ्यावर घाला. मूळ हिब्रूत त्यासाठी ‘कानाफ’ हा शब्द आहे, त्याचा अर्थ पंखही होतो. आणि तू देवाच्या पंखांखाली आलीस असं बवाजच तिला आधी म्हणालेला असतो. पहाटेपर्यंत काय झालं, ते कादंबरीकारांनी आपापल्या सोवळेपणाप्रमाणे लिहिलं आहे. मूळ कथेत माणूस ओळखू येण्याइतकं उजाडायच्या आत ती उठते, आणि तो तिच्या ओढणीत सहा मापं जव घालून तिला सासूकडे पाठवतो.