पेशी मुळात गुलाबी-जांभळ्या नसतात

‘सूक्ष्मदर्शकाखाली पेशी गुलाबी आणि केंद्रक जांभळं दिसतं, तोच त्यांचा खरा रंग,’ असं फिरत असतं. समज साहजिक आहे; पुस्तकातली चित्रंही तशीच असतात.

पण ऊतीचा न रंगवलेला पातळ काप पाहा, जवळजवळ रंगहीन दिसेल. रंग आपण चढवतो, आणि तो विद्युतभारामुळे धरतो. हिमॅटॉक्सिलीन हे जांभळा रंग देणारं द्रव्य ॲल्युमिनियमच्या क्षाराबरोबर धनभारित होतं, म्हणून केंद्रकातल्या डीएनएच्या ऋणभारित फॉस्फेटला चिकटतं. इओसिन हे गुलाबी रंगद्रव्य ऋणभारित, ते पेशीद्रवातल्या प्रथिनांच्या धनभारित गटांना धरतं.

पडताळायचंय? इओसिनने रंगवलेला काप किंचित अल्कधर्मी पाण्यात ठेवा. प्रथिनांवरचा धनभार घटतो आणि गुलाबी रंग पाण्यात उतरू लागतो. नुसता लेप असता, तर आम्ल-अल्काने इतका फरक कशाला पडला असता?