ख्रिस्ती कीर्तन, ‘देवाचा दरबार’ आणि सभासदत्वाचा प्रश्न : पार्श्वभूमी

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधील भजन-कीर्तनाचा इतिहास सांगताना बहुधा फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणापासून सुरुवात केली जाते. सासष्टीतील रायतूर येथे १६१६ मध्ये छापलेल्या, जवळपास अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे मोल वादातीत आहे आणि नव्याने धर्मांतरित झालेल्या लोकांना पुराणश्रवणाची सवयीची गोडी ख्रिस्तकथेतही मिळावी, हा त्यामागील हेतूही स्पष्ट आहे. मात्र गोव्यातील ही परंपरा आणि घाटमाथ्यावरील प्रॉटेस्टंट कीर्तन यांच्यामध्ये अडीच शतकांचे अंतर आहे. मधल्या काळात, १६८४ मध्ये, पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. त्या हुकुमानंतर ख्रिस्तपुराण पुन्हा छापून निघाले ते थेट १९०७ मध्ये, मंगळूर येथे, आणि तोपर्यंत नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती कीर्तनकार आपले कीर्तन स्वतंत्रपणे उभे करून मोकळे झाले होते. म्हणून या विषयाची खरी सुरुवात नगरपासून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरपासून, करणे अधिक योग्य ठरते.

अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ मध्ये उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणे केले. प्रारंभीच्या उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते गायली जात. ती गाताना खेड्यातील मंडळींची जी ओढाताण होई, तिच्यावर उपाय म्हणून १८६० च्या दशकात नगर परिसरात ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. कृष्णराव सांगळे यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. नमन, मुख्य अभंग, त्यावरील निरूपण, उत्तररंगातील आख्यान हा हरिकीर्तनाचा साचा जवळजवळ जसाच्या तसा ठेवला गेला आणि आख्यानाच्या जागी उधळ्या पुत्राची, शोमरोनी स्त्रीची किंवा दाविदाची कथा आली. उधळ्या पुत्राचे आख्यान रंगवायचे तर धाकटा भाऊ वाटणी मागतो तो प्रसंग साकीत, परमुलुखातील उधळपट्टी कटावात आणि डुकरे चारताना झालेली उपरती करुण चालीच्या पदात, अशी मांडणी करता येते. शेतीच्या वाटणीचे भांडण ज्या श्रोत्याच्या घरी रोजचे आहे, त्याला ही कथा परदेशी वाटण्याचे कारण उरत नाही. टाळ, पेटी, मृदंग किंवा तबला ही साथ गावातच उपलब्ध होती. ‘हिंदूंचे वाद्य ख्रिस्ती उपासनेत कसे चालेल’ हा आक्षेप तेव्हाही होता आणि अधूनमधून आजही डोके वर काढतो. पण त्याचा निकाल श्रोत्यांनीच लावला आणि माझ्या मते त्याला इतिहासात जितके महत्त्व दिले जाते तितके देण्याचे कारण नाही.

महत्त्वाचा वाद निराळाच आहे. कला माणसे गोळा करते हे सगळ्यांनाच मान्य होते. गोळा झालेल्या माणसांपैकी आपली कोण, यावर मात्र एकमत नव्हते. हा प्रश्न उघडपणे समोर आला तो नारायण वामन टिळकांच्या १९१७ च्या निर्णयामुळे.

टिळकांचे चरित्र वाचकांना परिचित आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा जन्म (१८६१), १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत झालेला बाप्तिस्मा, त्यानंतरची नगरमधील वर्षे, १९०४ मधील पाळकपदाची दीक्षा आणि ‘फुलामुलांचे कवी’ ही ख्याती यांबद्दल येथे पुन्हा सांगण्याची आवश्यकता नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की ख्रिस्ती भजनाला त्यांनी वारकरी अभंगाचा घाट दिला आणि आपण ख्रिस्तापर्यंत तुकोबांच्या मार्गाने पोहोचलो, असे ते मोकळेपणाने सांगत. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा इतका मोठा आहे, की रविवारच्या उपासनेत टिळकांचे एकही गीत न येणे हेच नवल मानावे. त्यांच्या नगरच्या घरी बालकवी ठोमरे राहिले होते, हा तपशील वाङ्मयाच्या इतिहासात तळटीप म्हणून येतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने तो तळटिपेपेक्षा मोठा आहे, कारण कवितेच्या नात्याने घरात आलेल्या माणसाला धर्म विचारायचा नाही, ही रीत त्या घरात आधीच रुळलेली होती, असे त्यावरून दिसते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. भजन, कीर्तन, प्रार्थना आणि सेवा यांभोवती जमणाऱ्या या बंधुसमाजात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य असावेत, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. जो ख्रिस्ताला गुरू मानतो, त्याच्या नावाने गातो आणि त्याच्या मार्गाने चालू पाहतो, त्याने चर्चच्या नोंदवहीत नाव घातले आहे की नाही, हे दरबाराच्या दाराशी विचारले जाणार नव्हते.

या निर्णयावर दोन बाजूंनी लिहिले गेले आहे आणि दोन्ही बाजू बहुधा एकमेकींच्या शेजारून निघून गेल्या आहेत. बाजू घेणाऱ्यांच्या मते, बाप्तिस्मा म्हणजे व्यवहारात घर, जात आणि गाव सोडून मिशनच्या आवारात राहायला जाणे, असा अर्थ झाला होता. धर्माबरोबर परदेशी चालीरीती आणि परदेशी साहेबाची ताबेदारीही पदरात पडत होती. टिळकांनी ही गाठ सोडवली. हे म्हणणे निराधार नाही. स्वतः टिळकांची पत्नी आणि मुलगा त्यांच्या बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांच्यापासून दुरावले होते, आणि त्या ताटातुटीची किंमत काय असते हे लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्राच्या वाचकांना सांगायला नको. विरोधकांचे म्हणणे असे, की बाप्तिस्मा हा ख्रिस्ताने सांगितलेला संस्कार आहे. तो ऐच्छिक केला की मंडळीचा अर्थच उरत नाही, आणि गुप्त शिष्यांची सोय करून देणे म्हणजे भित्रेपणाला आध्यात्मिक नाव देणे होय.

या दोन्ही मांडण्यांत एक घटक जवळजवळ गैरहजर आहे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्या प्रामुख्याने महार आणि मांग समाजातून आलेल्या लोकांच्या होत्या. ज्या माणसाला देवळात प्रवेश नाही, पाणवठ्यावर जागा नाही आणि कीर्तन ऐकायचे तर दूर उभे राहून ऐकावे लागते, त्याच्यासाठी सर्वांसमक्ष झालेला बाप्तिस्मा ही गमावण्याची नव्हे, मिळवण्याची गोष्ट होती. नोंदवहीत स्वतःचे नाव लिहिले जाणे, प्रभुभोजनात एकाच पात्रातून घेणे आणि चिपळ्या हाती घेऊन स्वतः आख्यान लावणे या गोष्टी त्याला एकत्रच मिळाल्या होत्या. त्यामुळे नोंदवहीला दुय्यम ठरवणारी उदारता ही ज्याच्याकडे सोडण्यासारखे पुष्कळ आहे अशा कवीची उदारता होती, असे म्हटले तर ते टिळकांवर अन्यायाचे होईल काय? काही अंशी होईल, कारण पंगतभेद त्यांनी स्वतः मोडला होता आणि मिशनमधील गोऱ्या वर्चस्वावर ते जी टीका करीत, ती खेड्यातील ख्रिस्ती माणसाच्याही हिताची होती. तरीही दरबाराच्या कल्पनेत ‘न आलेल्या’ सवर्ण शिष्याची काळजी अधिक दिसते आणि ‘आलेल्या’ दलित ख्रिस्ती माणसाची कमी, हे नाकारणे कठीण आहे.

व्यवहारात दरबाराला आयुष्य फार लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि एका व्यक्तीच्या वाणीवर उभी असलेली ही रचना पाठोपाठ विस्कटली. जे टिकले ते काव्य. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय टिळकांच्या हातून झाले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ मध्ये, प्रसिद्ध झाले. लग्नाच्या वेळी लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रीने एका अपुऱ्या महाकाव्याचा बहुतांश भाग लिहावा, ही बाब टिळकांवरील लेखांत अनेकदा एका वाक्यात संपवली जाते. हा लेखही तेच करीत आहे, परंतु तो दोष मान्य करून.

दरबाराची कल्पना दुसऱ्या रूपात चालू राहिली ती आश्रमांत. टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या एका अँग्लिकन धर्मगुरूने त्याच्या आदल्या वर्षी नगर येथे सेवासंघ स्थापन केला होता, आणि दशकाच्या अखेरीस त्या संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगर भागात उभा राहिला. खादी, जमिनीवरची पंगत, मराठी भजने आणि भारतीय व इंग्रज सदस्यांचे एकत्र राहणे हा तेथील नेम होता. पुढे याच आश्रमात अँजेलो द फोन्सेका या गोव्याच्या चित्रकाराला आसरा मिळाला. मुंबईत वैद्यकाचे शिक्षण अर्धवट टाकून ते चित्रकलेकडे वळले आणि शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या सहवासात घडले. त्यांनी मरियेला साडी नेसवली, सावळा वर्ण दिला आणि ख्रिस्ताला भारतीय संन्यासी रूपात रंगवले. गोव्यातील अनेक धर्मबंधूंना हे रुचले नाही, तेव्हा हा कॅथलिक चित्रकार अँग्लिकन आश्रमात राहून १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत पुण्यात चित्रे काढत राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) स्थानिक भाषा आणि स्थानिक कलाशैली यांना उपासनेत जागा दिली, तोवर त्यांच्या कामाची तीन दशके उलटून गेली होती. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आता गोव्यात, पर्वरी येथे, जतन केलेला आहे.

कॅथलिक मंडळ्यांत मराठी मिस्सा, भजने आणि आरत्या आल्या त्या या परिषदेनंतर, आणि त्यानंतर शैलीचा वाद बहुतेक मिटला. सभासदत्वाचा वाद मात्र स्वातंत्र्यानंतर अधिकच अवघड झाला, आणि तोही धर्मशास्त्राबाहेरच्या कारणाने. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता ठेवण्यात आला; १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाविष्ट झाले. ख्रिस्ती आणि मुस्लीम बाहेरच राहिले. ज्या बाप्तिस्म्याने आजोबांना माणूस म्हणून नाव मिळाले, त्याच बाप्तिस्म्याने नातवाचा जातीचा दाखला अडतो, अशी ही स्थिती आहे. भजनाला नेमाने येणारा, टाळ धरणारा, नाताळात गाणाऱ्यांच्या मेळ्यात पुढे असणारा माणूस नोंदवहीत नाव घालायला कचरतो, त्यामागे आज भित्रेपणापेक्षा हा हिशेब अधिक असतो. दरबाराच्या ‘बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्या’ची मूळ कल्पना सवर्ण घराला डोळ्यासमोर ठेवून झाली असली, तरी तिचा आजचा वारस दलित वस्तीत सापडतो, हा उलटफेर टिळकांच्या काळी कोणाच्या ध्यानात येणे शक्य नव्हते.

पाळकांमध्येही यावर एकवाक्यता नाही. अशा माणसाला भजनी मंडळात घ्यावे, यावर सहसा वाद होत नाही. प्रभुभोजनाला बसू द्यावे काय आणि मंडळीच्या कारभारात मत द्यावे काय, येथे मतभेद सुरू होतात. त्यातच नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका महिलेच्या प्रकरणात बाप्तिस्मा आणि चर्चमधील नियमित हजेरी हे दोन्ही पुरावे ग्राह्य धरून अनुसूचित जातीच्या दाखल्याचा तिचा दावा फेटाळला. बाप्तिस्म्याबरोबर हजेरीचाही उल्लेख झाल्यामुळे, केवळ गाण्यासाठी येणाऱ्यांमध्येही चलबिचल होणे स्वाभाविक होते. ख्रिस्ती आणि मुस्लीम झालेल्या दलितांना हा दर्जा द्यावा काय, याचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये एका माजी सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि त्याला दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत त्यानंतर वाढवावी लागली.