तार नेमकी कुठे तुटली?

डिसेंबरात निफाडला मामांकडे इलेक्ट्रिक गिटार घेऊन गेलो होतो. पहाटेच्या गारठ्यात वाजवायला बसलो आणि सगळ्यात बारकी ई तार टणकन तुटली. थंडीनं आखडली असेल, असं मी म्हणालो. मामांनी तुटलेलं टोक बोटावर फिरवून पाहिलं. "द्राक्षाच्या मांडवाची तारही अशीच जाते. मधे नाही तुटत, अँगलला टेकते तिथे तुटते."

मामांना गिटारमधलं काही कळत नाही, पण निदान बरोबर होतं. पारा पंधरा अंशांनी उतरला आणि गिटारचं लाकूड तसूभरही हललं नाही असं धरलं, तरी तारेवरचा ताण जेमतेम अडीच टक्के वाढतो. तार बेसूर होईल, तुटणार नाही. आपण बेंड घेतो, म्हणजे तार बोटानं बाजूला ओढून सूर दोन फ्रेट (गिटारच्या मानेवरची आडव्या पट्ट्यांची घरं) वर चढवतो, तेव्हा तोच ताण 26 टक्के वाढतो आणि तरीही चांगली तार तुटत नाही.

दहाच्या सेटमधली (ज्याची सगळ्यात बारकी तार 0.010 इंची) ही तार पाव मिलिमीटर जाडीची. सुरात लावली की तिच्यावर सात किलोंहून थोडा जास्त ओढा येतो. आकडा किरकोळ वाटतो, पण तारेचा छेद इतका लहान की हिशोब चौरस मिलिमीटरला सुमारे 145 किलो पडतो. हे पोलाद त्याच्या दीडपटीहून जास्त सोसतं. मग तुटतं कसं?

वाकून वाकून. ही तार सेकंदाला 330 वेळा थरथरते. ब्रिजच्या, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे अडकवतात त्या भागाच्या, सॅडलवर (तार टेकते त्या खाचेच्या तुकड्यावर) ती वळते, तिथला एकच बिंदू प्रत्येक थरथरीला किंचित वाकतो. दहा मिनिटं सलग झंकारली तर जवळजवळ दोन लाख वेळा. बाइंडिंगची तार हातानं मागंपुढं वाकवून तोडतो, तसंच हे, फक्त फार सूक्ष्म. त्यात सॅडलवर धातूची बारीक कुसळ असेल तर तारेवर ओरखडा पडतो, ताण त्या ओरखड्याच्या तळाशी एकवटतो आणि तिथून भेग आत सरकत जाते.

म्हणून तार फेकण्याआधी तुटलेलं टोक कुठलं ते पाहा. ब्रिजपाशी तुटली असेल तर सॅडलवर कापसाचा बोळा फिरवा. धागे अडकले की कुसळ सापडली. बारीक पॉलिश पेपर गुंडाळून खाच हलकेच घासली की काम झालं. नटपाशी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीपाशी, तुटली तर तार खाचेत अडकत असणार. शिसपेन्सिलीची भुकटी तिथे वंगणासारखी चालते. खुंटीपाशी तुटली तर भोकाची धार तपासा, आणि दोन-तीन वेढे बसतील एवढी तार ठेवा.

"जाड तार लाव, तुटायची नाही" हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. तीच लांबी आणि तोच सूर असेल, तर जाड तारेला ओढा जास्त लागतो, पण तो मोठ्या छेदावर वाटला जातो, त्यामुळे चौरस मिलिमीटरमागे ताण तेवढाच राहतो. फायदा एवढाच, की तेवढ्याच खोल ओरखड्यानं जाड तारेचा कमी हिस्सा खाल्ला जातो. सूर मात्र फार महत्त्वाचा. शेजारची बी तार खालच्या सुरात असते, म्हणून तिच्या पोलादावर ई तारेच्या निम्म्याहून थोडाच जास्त ताण असतो. ई सारखी का तुटते, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

माझ्या सॅडलवर कुसळ निघाली. घासली, नवी तार चढवली, ती पावसाळ्यापर्यंत टिकली. मग एकदा बाराव्या फ्रेटपाशी, बेंड घेतानाच गेली, मामांच्या नियमाबाहेर. टोक पाहिलं तर तांबूस. बोटांचा खारट घाम आणि नाशिकची पावसाळी दमट हवा, दोघांनी मिळून तारेला गंजाचे खड्डे पाडले होते. असा खड्डाही ओरखड्यासारखाच वागतो. वाजवून झाल्यावर मी तारा पुसायचो, पण वरच्या बाजूनंच. गंज फ्रेटकडच्या बाजूला होता. आता सुती कापड तारेखालून घालून, चिमटीत धरून ब्रिजपासून नटपर्यंत ओढतो.