पाच मिनिटे आपल्या मुलाविषयी बोला

मानसशास्त्रज्ञ एक चाचणी वापरतात, तिला कागद-पेन्सिलही लागत नाही. आईला किंवा वडिलांना बसवून एवढेच सांगितले जाते, की पुढची पाच मिनिटे आपल्या मुलाविषयी बोला. ते कसे आहे, तुमचे आणि त्याचे कसे जमते, जे मनात येईल ते. मधे कोणी प्रश्न विचारत नाही. हे बोलणे ध्वनिमुद्रित होते आणि नंतर प्रशिक्षित व्यक्ती ते ऐकून टीकेची नोंद करते. सुरुवातीचे वाक्यच नकारात्मक आहे का, नात्याचे वर्णन कडवट आहे का, हे तपासताना शब्दांइतकाच सूरही ऐकला जातो. ‘दोन दिवस झाले, ती नीट जेवलेली नाही’ ही माहिती झाली. ‘तिला कशाचीच किंमत नाही, पहिल्यापासून अशीच आहे’ ही टीका झाली.

हार्वर्ड विद्यापीठातील मिशेल वेडिग आणि मॅथ्यू नॉक यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही चाचणी किशोरवयीन मुलांच्या पालकांसाठी वापरली. ज्या घरांत पालकांच्या बोलण्यात टीका जास्त होती, त्या घरांतल्या मुलांमध्ये स्वतःला इजा करून घेण्याचे विचार आणि कृती जास्त आढळल्या. अतिकाळजीचा असा संबंध दिसला नाही, तो टीकेचाच दिसला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हा संबंध सर्वांत ठळक होता तो मुळातच स्वतःला दोष देण्याचा स्वभाव असलेल्या मुलांमध्ये. घरात उच्चारलेले वाक्य अशा मुलाच्या मनात आधीपासून चालू असलेल्या वाक्याशी जुळते आणि मग त्याला ते मत वाटत नाही, निकाल वाटतो. अभ्यास लहान होता आणि एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कारण कोणते व परिणाम कोणता हे ठरत नाही, हे मान्य करूनही मला तो मोलाचा वाटतो. कारण दोष मुलाच्या स्वभावाचा की घराचा, हा आपला नेहमीचा वादच त्यामुळे चुकीचा ठरतो.

मुळात अशी इजा मुले का करून घेतात? लक्ष वेधण्यासाठी, हे घरोघरी मिळणारे उत्तर बहुतेक वेळा खरे नसते. बहुसंख्य मुले सांगतात, की असह्य झालेली भावना क्षणभर तरी शांत व्हावी म्हणून ती असे करतात, आणि बहुतेक जण ते लपवतात. त्यामागे मरण्याचा हेतू असतोच असे नाही. तरीही पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका त्यामुळे वाढतो, म्हणून ‘वय आहे, जाईल’ असे म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही. सुरुवात बहुधा 12 ते 14 या वयात होते. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून 2014 मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, सुमारे 17 टक्के किशोरवयीनांनी कधी ना कधी असे केलेले असते. नैराश्य असलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण बरेच जास्त आढळते.

स्वभावाचा वाटा निश्चितच आहे. ‘न्यूरॉटिसिझम’ म्हणजे लहानशा गोष्टीनेही मन खोलवर ढवळून निघणे आणि लवकर न निवळणे. हा गुण ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात नैराश्य आणि स्व-इजा दोन्ही जास्त दिसतात. त्याला उतावळेपणाची जोड मिळाली, की भावना आणि कृती यांच्यातले अंतर फार कमी उरते. शिवाय मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो, त्यामुळे चौदाव्या वर्षी भावनेचा जोर पूर्ण असतो आणि लगाम अपुरा. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार स्वभावातील फरकांचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असतो. ‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण म्हणतो, ते तेवढ्यापुरते खरे. पण उरलेला निम्मा वाटा अनुभवांचा आहे, हे त्या म्हणीत येत नाही.

आणि इथेच एक घातक चक्र सुरू होते, ज्याकडे पालकांचे लक्ष जावे असे मला फार वाटते. मोठ्या माणसाचे नैराश्य उदासीत दिसते, मुलांचे मात्र पुष्कळदा चिडचिडीत दिसते. दार आपटणे, उलट उत्तर देणे, आंघोळीचा कंटाळा, अभ्यासातून उडालेले लक्ष, ही आजाराची लक्षणे असू शकतात. घरात मात्र त्यांना उद्धटपणा आणि आळस ही नावे मिळतात. मग बोलणी बसतात, त्याने मूल आणखी मिटते, ते मिटले की पालक आणखी चिडतात. कोणीही दुष्ट नसताना घर असे होऊन बसते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी या चक्राचीच मांडणी केली: जन्मतः हळवे मन, आणि ‘एवढ्याशा गोष्टीचे काय रडायचे’ असे सतत ऐकवणारे वातावरण. त्यांच्या उपचारपद्धतीचे किशोरवयीनांसाठीचे रूप असे आहे, की भावना सावरण्याची कौशल्ये मुलांबरोबर पालकही शिकतात. ऑस्लोमध्ये 77 मुलांवर झालेल्या चाचणीत, 19 आठवड्यांच्या या उपचाराने स्व-इजेचे प्रसंग नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक घटले. पालकांना त्यात शिकवले जाते ते भावना मान्य करणे. ‘तुला फार त्रास होतोय, हे मला दिसतंय’ असे म्हणणे म्हणजे मुलाने जे केले त्याला संमती देणे नव्हे.

विचारले तर मुलाच्या डोक्यात नसलेले येईल, ही भीती अनेकांना गप्प ठेवते. न्यूयॉर्क राज्यातील 2,342 विद्यार्थ्यांवरील 2005 च्या अभ्यासात आत्महत्येविषयी थेट विचारल्यामुळे मुलांचा त्रास वाढलेला आढळला नाही. नैराश्याची लक्षणे असलेल्यांना उलट थोडे हलके वाटले. तेव्हा ऐन मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे न सोडणाऱ्या मुलीला, आरडाओरडा न करता, आरोपाचा सूर न लावता, एकांतात विचारावे. ‘हात दाखव’ असा हुकूम सोडण्याऐवजी ‘तू स्वतःला त्रास करून घेतेस का? मी रागावणार नाही’ असे म्हणावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. त्यानंतर मनोविकारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे तिच्याबरोबर जावे. जीव धोक्यात आहे असे वाटले, तर तिला एकटे न सोडता लगेच रुग्णालय गाठावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते, मराठीतही बोलता येते, आणि तिथे मुलांप्रमाणे पालकांनीही फोन केलेला चालतो.