मिट्शर वर्ग (विनाशिका)

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाने बांधलेल्या चार प्रायोगिक विनाशिकांचा वर्ग. मिट्शर, जॉन एस. मॅकेन, विलिस ए. ली आणि विल्किन्सन ही जहाजे १९५३–५४ मध्ये सेवेत आली. नावे युद्धातल्या ॲडमिरलांची. त्यांतले मॅकेन तर टोकियोच्या उपसागरातील शरणागती समारंभानंतर चौथ्याच दिवशी वारले.

या जहाजांमागचे खरे कारण जर्मन होते. जर्मनीच्या एकविसाव्या प्रकारच्या पाणबुड्या पाण्याखाली सुमारे १७ नॉट (ताशी सुमारे ३१ किलोमीटर) वेगाने जात, म्हणजे जुन्या पाणबुड्यांच्या दुपटीहून जास्त. हे तंत्र सोव्हिएत संघाच्याही हाती लागले होते. खवळलेल्या समुद्रातही विमानवाहू जहाजांची साथ न सोडता अशा पाणबुड्यांचा माग काढायचा, तर मोठे जहाज हवे होते. मिट्शरची लांबी सुमारे १५० मीटर, तर युद्धकाळातल्या फ्लेचर वर्गाची ११५ मीटर. आकारामुळे १९५१ मध्येच यांना ‘विनाशिका नायक’ ठरवले गेले, १९५५ मध्ये ‘फ्रिगेट’ (अमेरिकी नौदलात तेव्हा विनाशिकेहून मोठ्या जहाजाचे नाव). नौदलालाच त्यांना कुठे बसवावे हे उमगत नव्हते, असे म्हणायला हरकत नाही.

सर्वांत धाडसी प्रयोग इंजिनरूममध्ये झाला. युद्धकाळातल्या विनाशिकांच्या बॉयलरमधील वाफेचा दाब दर चौरस इंचाला ६०० पौंडांच्या आसपास असे. इथे तो १,२०० वर नेला. ८०,००० अश्वशक्ती मिळाली, पण यंत्रणा वरचेवर बिघडू लागली. एवढ्या दाबाची अतितप्त वाफ गळली तरी दिसत नाही आणि तिची धार जीवघेणी असते. म्हणून अशा जहाजांवरचे खलाशी गळती शोधायला झाडू पुढे धरून चालत. दांडा कापला गेला की जागा सापडली. इतके असूनही हाच दाब पुढच्या फॉरेस्ट शर्मन वर्गात कायम राहिला.

नव्या १२७ मिलिमीटर तोफेचीही तीच कथा. मिनिटाला ४० गोळ्यांचा दावा होता. ती सारखी अडकू लागल्यावर वेग २८ वर आणावा लागला, तरीही पुढची कितीतरी वर्षे हीच तोफ अमेरिकी विनाशिकांवर बसत राहिली. पाणबुडीवर रॉकेट फेकणारे ‘वेपन अल्फा’ मात्र टिकले नाही. त्याचा पल्ला एक किलोमीटरही नव्हता. ली आणि विल्किन्सनच्या नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, अजस्र नवे सोनार (ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधणारे यंत्र) बसवून तपासले गेले. या वर्गाची सर्वांत मोलाची कामगिरी बहुधा हीच, कारण पुढच्या पिढीच्या पाणबुडीविरोधी जहाजांनी ते सोनार उचलले.

खर्च आणि कटकटी पाहता पाचवे जहाज बांधलेच नाही. ली आणि विल्किन्सन १९६९ मध्ये निवृत्त झाली. मिट्शर आणि मॅकेन यांवर टार्टर ही विमानविरोधी क्षेपणास्त्रे चढवून त्यांना क्षेपणास्त्रवाहू विनाशिका बनवले गेले. ती १९७८ पर्यंत चालली.