ओके

ओके : मूळचा अमेरिकी बोलभाषेतला, आज जगातील बहुतेक प्रमुख भाषांत रुळलेला होकारवाचक शब्द. उद्गार, विशेषण, क्रियाविशेषण, क्रियापद आणि नाम अशा पाचही जागी तो चालतो. संमती, परवानगी, 'समजले', 'सुखरूप', 'बेताचे' आणि 'बरं, आता पुढचं' हे त्याचे मुख्य अर्थ. रोजचा वापर वाचकाच्या तोंडी असल्याने त्याची फोड येथे केलेली नाही. वादग्रस्त व्युत्पत्ती आणि तुर्की प्रतिशब्द यांनाच अधिक जागा दिली आहे. इंग्रजीत जे काम एकटा ओके करतो, ते तुर्कीत सहा-सात शब्दांनी वाटून घेतले आहे आणि ती वाटणी मराठीतील वाटणीशी बरीच जुळते.

व्युत्पत्ती : इंग्रजीतील फार थोड्या शब्दांवर इतकी शाई खर्ची पडली असेल. आज सर्वाधिक मान्य असलेले मत ॲलन वॉकर रीड (१९०६–२००२) या अमेरिकी भाषाअभ्यासकाचे आहे. 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात १९६३ व १९६४ मध्ये त्याने लेखमाला लिहिली. तीत त्याने या शब्दाचा छापील माग 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या वृत्तपत्राच्या २३ मार्च १८३९ च्या अंकापर्यंत नेला. चार्ल्स गॉर्डन ग्रीन हा त्या पत्राचा संपादक. घंटा वाजवण्याच्या विरोधात गमतीने काढलेल्या एका मंडळीविषयीच्या चेष्टेच्या मजकुरात ही दोन अक्षरे आली आणि लगेच पुढे 'ऑल करेक्ट' असा खुलासाही आला. 'ऑल करेक्ट'ची खरी आद्याक्षरे ए आणि सी. ती ओ आणि के झाली, कारण स्पेलिंग मुद्दाम अडाण्यासारखे चुकवायचे आणि मग त्याचे संक्षेप करायचे, हा त्या वर्ष-दोन वर्षांतला बॉस्टनच्या पत्रकारांचा खेळ होता. 'ऑल राइट'साठी ओ-डब्ल्यू, 'नो गो'साठी के-जी असे इतरही संक्षेप तेव्हा चालत. ते सारे विरले आणि हा एकच टिकला.

तोच का टिकला, याचे उत्तर १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत सापडते. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार आणि तत्कालीन अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन हे न्यूयॉर्क राज्यातील किंडरहूक गावचे. 'ओल्ड किंडरहूक' या त्यांच्या टोपणनावाची आद्याक्षरे नेमकी हीच. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या समर्थकांनी ओ. के. क्लब काढला. आपला माणूस 'ऑल करेक्ट' आहे, असा दुहेरी अर्थ त्यात होता. विरोधी व्हिग पक्षीयांनी याच दोन अक्षरांचे नाना उपहासात्मक विस्तार करून सोडले. माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्धलेखन येत नसल्याने तेच कागदांवर असा शेरा मारत, ही वदंताही त्याच धुमाळीतली. व्हॅन ब्यूरन निवडणूक हरले, पण तोवर शब्द घरोघर पोहोचला होता. रीडने १९४१ मध्ये प्रथम किंडरहूकलाच उगम मानले होते. १८३९ चा पुरावा हाती आल्यावर त्याने आपलेच मत दुरुस्त केले, ही गोष्ट त्याच्या निष्कर्षावरील विश्वास वाढवणारी आहे.

याआधीचे म्हणून दाखवले जाणारे पुरावे तपासात फारसे टिकलेले नाहीत. टेनेसीतील एका न्यायालयाच्या १७९० च्या दप्तरात, जॅक्सन यांच्या संदर्भात, ही अक्षरे असल्याचे एकोणिसाव्या शतकात सांगितले गेले. प्रत्यक्षात तेथे 'हुकूम नोंदला' या अर्थाची ओ-आर ही अक्षरे असावीत, असे दिसून आले. विल्यम रिचर्डसन नावाच्या प्रवाशाच्या १८१५ च्या रोजनिशीतही 'ओके' वाचले गेले आहे. ते खाडाखोड झालेल्या हस्तलिखितातले असून त्या जागी तो शब्द अर्थानेही नीट बसत नाही.

चॉक्टॉ या मूलनिवासी भाषेतील 'असेच आहे' या अर्थाच्या रूपापासून हा शब्द आला, हे मत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी काही वजनदार कोशांनीही ते स्वीकारले. अध्यक्ष वुड्रो विल्सन सरकारी कागदांवर शेरा मारताना शेवटी 'एच' जोडून चॉक्टॉ वळणाचे स्पेलिंग लिहीत. आफ्रिकी मत अधिक गंभीरपणे घ्यावे लागते. वोलोफसारख्या पश्चिम आफ्रिकी भाषांतील 'होय' या अर्थाच्या रूपांशी, विशेषतः 'वाव के' याच्याशी, डेव्हिड डॅल्बी या भाषाअभ्यासकाने १९७० च्या दशकाच्या आरंभी ओकेचा संबंध जोडला. १७८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रवासवृत्तात नॉर्थ कॅरोलिनातील गुलामाच्या तोंडी नुसते 'के' आले आहे, याकडेही लक्ष वेधले जाते. फ्रेडरिक कॅसिडी या कोशकाराने १९८१ मध्ये या मताची तपासणी करून ते अपुरे ठरवले. बोलण्यात आधीपासून असलेल्या एखाद्या आफ्रिकी रूपाने बॉस्टनच्या विनोदाला बळ दिले असेल, ही शक्यता मात्र पूर्णपणे मोडीत काढता येत नाही. गुलामांचे बोलणे छापले जाण्याची संधीच कमी असल्याने छापील पुराव्याचा अभाव येथे फार ताणू नये. ग्रीक 'ओला काला' (सारे छान), स्कॉटिश 'ऑख आय' आणि हैतीतील एका बंदराचे फ्रेंच नाव यांपासूनच्या व्युत्पत्ती ध्वनिसाम्यापलीकडे जात नाहीत.

पुढच्या प्रसारात रेल्वे आणि तारयंत्राचा वाटा मोठा आहे. संदेश मिळाला, हे दोन अक्षरांत कळवणे तारमास्तरांना सोयीचे होते. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्डच्या अंतराळउड्डाणानंतर नासाचे प्रवक्ते जॉन पॉवर्स यांनी 'ए-ओके' हे रूप लोकप्रिय केले.

तुर्की प्रतिशब्द : सर्वांत जवळचा शब्द 'तमाम'. अरबीत 'पूर्णता' या अर्थाचा हा शब्द तुर्कीत 'ठरलं', 'समजलं', 'पुरे' असा झाला. तोच शब्द फारसीमार्गे मराठीत आला आणि 'समस्त' या अर्थावर स्थिरावला. वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस अजूनही 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशीच सुरू होते. इस्तंबूलच्या माणसाने त्यातला पहिलाच शब्द वाचला, तर कुणीतरी रुकार दिला असे त्याला वाटेल. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या तुर्की भाषा संस्थेने अरबी-फारसी शब्दांची मोठी छाटणी घडवून आणली, पण 'तमाम'ला हात लागला नाही. आपल्याकडच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतूनही तो असाच निसटला. संगणकाच्या पडद्यावर जेथे इंग्रजीत ओकेचे बटण असते तेथे तुर्कीत 'तमाम' आणि शेजारी 'इप्ताल' (रद्द) दिसते. प्रश्नार्थक 'मी' जोडून 'तमाम मी?' म्हटले की 'बरं का?', 'कळलं ना?' असा जाब होतो. 'तमाम, तमाम' असे दोनदा म्हटले तर त्यात 'बरं बरं, कळलं' असा वैताग असतो. मोबाइलवर स्वर गाळून नुसते 'त-म-म' लिहितात.

'पेकी' हे 'पेक इयी' (फार चांगले) याचे आखूड झालेले रूप. अर्थाची वाट हुबेहूब मराठी 'बरं'ची : मुळात 'चांगले', मग 'मान्य', मग नुसतेच संभाषण पुढे ढकलणारा टेकू. आईने दुकानात पिटाळलेले पोर 'पेकी' म्हणते आणि फळ्याकडून वर्गाकडे वळणारा शिक्षकही 'पेकी' म्हणूनच पुढचा प्रश्न टाकतो. 'तमाम'मध्ये दोघे एका पातळीवर असतात. 'पेकी'मध्ये बोलणारा किंचित नमते घेतो. कोशांत हा भेद क्वचितच नोंदलेला आढळतो.

'ओलुर' हे 'ओल्माक' (होणे) या धातूचे रूप, म्हणजे शब्दशः 'होते', व्यवहारात 'चालेल'. चहा घेणार का, याला 'ओलुर' हे उत्तर पुरते. नकार 'ओल्माझ', म्हणजे 'नाही चालणार'. त्याच धातूचे भूतकाळी 'ओल्दु' म्हणजे 'झालं', आणि मराठीप्रमाणेच काम होण्याआधीच ते म्हणता येते. वरिष्ठाला द्यायचा होकार 'बाश उस्तुने', शब्दशः 'डोक्यावर', याला आपल्या 'शिरसावंद्य'पेक्षा जवळचा प्रतिशब्द मिळणे कठीण. राजीखुशीने दिलेला होकार 'हाय हाय'. मराठी कानाला तो शोकासारखा लागतो, त्याला इलाज नाही. कार्यालयीन मंजुरीला 'ओनाय' हा सुधारणेच्या काळातला शब्द आहे, तर बोलण्यात इंग्रजीवरून बेतलेले 'ओकेयलेमेक' (ओके करणे) हे क्रियापदही ऐकू येते.

अनुवादक सर्वांत जास्त फसतो तो विशेषणापाशी. इंग्रजीत चित्रपट 'ओके होता' म्हणजे जेमतेम होता. येथे तुर्कीत 'तमाम' चालत नाही. ते म्हटल्यास काहीतरी पूर्ण झाले किंवा पक्के झाले, असा अर्थ निघेल. येथे 'फेना देइल' (वाईट नाही), 'शोयले बोयले' (असाच तसाच) किंवा 'इदारे एदेर' म्हणावे लागते. शेवटच्याचा भाव 'निभावून नेतं', कोल्हापुरी 'चालतंय की'च्या आसपासचा. पडलेल्या माणसाला 'तू ओके आहेस ना?' विचारायचे तर 'इयी मिसिन?', म्हणजे 'बरा आहेस ना?'. एकाच इंग्रजी संवादातील चार ओकेंना तुर्की उपशीर्षकांत चार वेगळे शब्द लागू शकतात.

तुर्कीत 'ओक' असा स्वतंत्र शब्दही आहे. त्याचा अर्थ बाण. इस्तंबूलमधील ओकमेयदानी हा भाग म्हणजे उस्मानी काळातील तिरंदाजीचे मैदान. अक्षरांचा उच्चार सुटा न करता शब्द सलग वाचला तर होकाराचा बाण होतो. म्हणून लिहिताना तुर्की लोक 'ओकेय' असे वेगळे स्पेलिंग करतात.

ओकेय (खेळ) : याच नावाचा सोंगट्यांचा खेळ तुर्कस्तानातील कहवेखान्यांत अतिशय लोकप्रिय आहे. चार रंग, प्रत्येकात १ ते १३ आकडे आणि प्रत्येक सोंगटी दोनदा, अशा १०४ व दोन खोट्या ओकेय मिळून १०६ सोंगट्या असतात. खेळणारे चार. प्रत्येकाला १४ आणि सुरुवात करणाऱ्याला १५ सोंगट्या मिळतात आणि त्या लाकडी पट्टीवर, म्हणजे 'इस्ताका'वर, उभ्या मांडायच्या असतात. एक सोंगटी उलटून दर्शक ठरवतात. त्याच रंगाची तिच्या वरच्या आकड्याची सोंगटी त्या डावाची ओकेय, म्हणजे कोणत्याही सोंगटीच्या जागी चालणारी. दर्शक लाल ५ असेल तर लाल ६ ओकेय ठरते आणि १३ असेल तर त्याच रंगाचा १. पपलू खेळलेल्या वाचकाला याहून अधिक समजावण्याची गरज नाही. खोटी ओकेय सर्वत्र चालत नाही. ती फक्त त्या लाल ६ चीच जागा घेते. शेवटची सोंगटी म्हणून ओकेयच टाकून डाव संपवला, तर प्रतिस्पर्ध्यांचे दुप्पट गुण जातात.

राजकीय वापर : 'तमाम'मधील 'ठीक' आणि 'पुरे' हे दोन अर्थ ८ मे २०१८ रोजी समोरासमोर आले. अध्यक्ष रेजेप तय्यिप एर्दोआन यांनी संसदेतील पक्षगटापुढे, राष्ट्राने एक दिवस 'तमाम' म्हटले तर आपण बाजूला होऊ, अशा आशयाचे विधान केले. काही तासांतच समाजमाध्यमांवर या एका शब्दाचे दहा लाखांहून अधिक संदेश पडले. समर्थकांनी 'देवाम' (चालू राहू द्या) असे उत्तर दिले. २४ जूनच्या निवडणुकीत एर्दोआन पहिल्याच फेरीत सुमारे ५२.६ टक्के मतांनी विजयी झाले.

महाराष्ट्रातही चार वर्षांनी ओकेने अशीच मजल मारली. जून २०२२ मध्ये गुवाहाटीला असलेले सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजी पाटील यांचे 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' हे दूरध्वनीवरील बोलणे आणि त्यातला सगळे 'ओके' असल्याचा निर्वाळा गाजला. ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी 'पन्नास खोके, एकदम ओके' अशी घोषणा दिली. माणदेशी उच्चारातला 'ओक्के' इंग्रजीपेक्षा अधिक ठाम वाटतो. जेमतेमपणाचा अर्थ त्यात उरलेलाच नाही.

हस्तमुद्रा : अंगठा व तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ अमेरिकेत ओकेचे चिन्ह आहे. पाणबुडे पाण्याखाली हेच वापरतात, कारण तेथे वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. तुर्कस्तानात मात्र ही मुद्रा अश्लील शिवी समजली जाते. पदार्थ 'झकास' झाल्याचे आपल्याकडे जसे बोटे जुळवून सांगतात, तसे तेथे करणे टाळावे.

हॉर्न ओके प्लीज : भारतीय मालमोटारींच्या मागील फळीवरील या तीन शब्दांतला ओके नेमका कसा आला, याविषयी तीन समजुती आहेत. दुसऱ्या महायुद्धात केरोसीनवर चालणाऱ्या गाड्यांवरील इशारा, पुढे जायला वाट मोकळी असल्याची खूण, आणि टाटा ऑइल मिल्सच्या ओके साबणाची जाहिरात. तिन्हींपैकी एकीलाही भक्कम कागदोपत्री आधार नाही. अरुंद रस्त्यावर पुढे काढण्याशी जोडलेली समजूत त्यातल्या त्यात सयुक्तिक वाटते. विनाकारण हॉर्न वाजवण्यास प्रोत्साहन मिळते, या कारणाने महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये हा मजकूर लिहिण्यास मनाई केली. परराज्यांतून येणाऱ्या गाड्यांवर तो अर्थातच राहिला.