पत्रात ‘नाही’, दारात ‘या’

१९३० साली रिचर्ड लापियर हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एका तरुण चिनी जोडप्यासोबत मोटारीने देशभर हिंडू लागला. चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी करणारा १८८२चा कायदा तेव्हाही लागूच होता आणि चिनी लोकांबद्दलची अढी कोणी लपवत नसे. हॉटेल आलं की लापियर मुद्दाम गाडीपाशी, सामानात रेंगाळायचा. खोली मागायला शक्यतो ते जोडपंच पुढे जायचं. आपण नोंदी ठेवतोय हे त्याने त्यांना सांगितलं नव्हतं, नाहीतर दोघं अवघडली असती. मुक्कामाची ६६ ठिकाणं झाली, खाण्याची १८४. नकार मिळाला फक्त एकदा.

मग सहा महिने जाऊ देऊन त्याने त्याच ठिकाणांना प्रश्नावली धाडली: चिनी वंशाच्या लोकांना तुम्ही पाहुणे म्हणून घ्याल का? १२८ उत्तरं आली. नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ लिहिलं होतं.

‘माणसं बोलतात एक आणि करतात एक’ असं म्हणून इथे वही मिटायचा मोह होतो. निष्कर्ष चटकदार आहे आणि आपल्याला आधीपासून पटलेलाही आहे. म्हणूनच तो जरा उलटसुलट करून बघायला हवा. पत्राला उत्तर लिहिणारा आणि खोलीची किल्ली हातात देणारा माणूस एकच होता का? लापियरकडे याची खात्री नव्हती. पत्रात विचारलं होतं सरसकट ‘चिनी लोकां’बद्दल, दारात उभं होतं एक हसतमुख, अस्खलित इंग्रजी बोलणारं जोडपं, आणि बहुतेक वेळा मागोमाग एक गोरा प्राध्यापक. शिवाय जवळजवळ निम्म्या ठिकाणांनी उत्तरच दिलं नाही. (कुठलंही सर्वेक्षण हातात आलं की न आलेली उत्तरं किती, हे आधी शोधायची खोड मला यातूनच लागली.) लापियरच्या नोंदी यामुळे खोट्या ठरत नाहीत. त्याने मोजलं ते दुटप्पीपण होतं, की दोन वेगळ्या प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं, एवढाच वाद उरतो, आणि माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

आकडा निर्विवाद असला तरी त्याचा अर्थ फसवू शकतो. विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९५० साली अमेरिकेची १९३०ची जनगणना पुन्हा चाळली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. म्हणजे बाहेरून आलेले जास्त शिकलेले? त्याने राज्यं बाजूला ठेवली आणि माणसं मोजली, तर चित्र उलटं निघालं: परदेशात जन्मलेल्यांमध्येच निरक्षर थोडे अधिक होते. ते स्थायिक झाले होते अशा राज्यांत, जिथले मूळचे रहिवासी चांगले साक्षर होते.